कर्जातून बाहेर पडताना : वही, तारखा आणि हप्ते

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सर्वांना पाठ असते. अडचण अशी की बहुतेक घरांत अंथरुणाची लांबी कोणी मोजलेलीच नसते. पगार किती येतो हे ठाऊक असते, हप्ते किती जातात हेही साधारण ठाऊक असते, पण मधल्या जागेत काय घडते ते महिन्याच्या वीस-बावीस तारखेला खाते रिकामे झाल्यावरच लक्षात येते. ज्याच्या डोक्यावर एकाहून अधिक देणी आहेत आणि ती फेडण्याची सुरुवात नेमकी कोठून करावी हे ज्याला सुचत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

स्वतःचे कर्ज फेडताना आणि नंतर ओळखीतल्या काही घरांच्या हिशेबाला बसताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. फेडलेले कर्ज परत येते ते चैनीमुळे कमी आणि वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांमुळे जास्त. विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची मोठी दुरुस्ती हे खर्च काही अचानक उगवत नाहीत. ते महिन्याच्या हिशेबात बसत नाहीत, म्हणून आपण त्यांना संकट म्हणतो आणि क्रेडिट कार्ड बाहेर काढतो. त्यामुळे खाली सांगितलेल्या पद्धतीत या खर्चांची जागा पहिल्या महिन्यापासून राखलेली आहे, मग त्यापायी कर्ज फिटायला दोन-चार महिने जास्त लागले तरी चालतील.

आधी सगळी देणी एका कागदावर

एक मोठा कागद आडवा घ्यावा आणि त्यावर प्रत्येक देण्यासाठी एक ओळ आखावी. ओळीत पुढील गोष्टी याव्यात : पैसे कोणाचे आहेत, आजच्या तारखेला मुद्दल किती शिल्लक आहे, व्याजाचा दर काय, हप्ता किती व कोणत्या तारखेला जातो, किती हप्ते उरले, काही तारण ठेवले आहे का, कोणी जामीन राहिले आहे का, आणि मुदतीपूर्वी फेडल्यास काही शुल्क पडते का. हे आकडे आठवणीतून लिहू नयेत. कर्ज देणाऱ्याकडून ताजा खातेउतारा मागवावा आणि त्यावरून उतरवून घ्यावेत, कारण आठवणीतले कर्ज खऱ्या कर्जापेक्षा नेहमी थोडे लहान असते.

माझ्या पहिल्या यादीत दुपारी पाच ओळी होत्या आणि संध्याकाळपर्यंत सात झाल्या. वाढलेल्या दोनांपैकी एक मित्राकडून घेतलेले हातउसने होते, आणि दुसरा हप्त्यांवर घेतलेला फोन, ज्याला ‘व्याज नाही’ म्हणून मी कर्ज समजतच नव्हतो. नातेवाइकांचे उसने पैसे, दुकानातली उधारी, पगारातून घेतलेली उचल, थकलेले भाडे किंवा वीजबिल हे सगळे या यादीत आले पाहिजे.

व्याजदराच्या रकान्यापाशी थोडे थांबावे लागते, कारण सगळे दर एका भाषेत सांगितलेले नसतात. कार्डाचा दर महिन्याचा सांगितला जातो. ‘फक्त ३ टक्के’ म्हणजे वर्षाचे सरळ ३६ टक्के, आणि न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत गेले तर वर्षाअखेर सुमारे ४२.६ टक्के. अशा देण्याला हात न लावता ते तसेच पडू दिले, तर ते दोन वर्षांच्या आतच दुप्पट होते.

दुसरी गफलत सरसकट दराची. समजा एक लाखाचे कर्ज एका वर्षासाठी ‘१२ टक्के’ दराने घेतले आणि देणाऱ्याने सरळ १२,००० व्याज मिळवून १,१२,००० चे बारा समान हप्ते पाडले, तर महिन्याचा हप्ता ९,३३३ होतो. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. पण दर महिन्याला आपण मुद्दलाचा काही भाग परत करत असतो, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर धरलेले असते. घटत्या शिल्लकीवर मोजले तर या कर्जाचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. घटत्या शिल्लकीवरचे १२ टक्क्यांचे खरे कर्ज असते, तर हप्ता ८,८८५ पडला असता आणि वर्षाचे एकूण व्याज ६,६१९ झाले असते, म्हणजे जवळपास निम्मे. म्हणून प्रत्येक कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : हा दर सरसकट आहे की घटत्या शिल्लकीवर? उत्तर लेखी मिळाले तर उत्तम.

नवी उधारी बंद

भांड्याला भोक असताना पाणी भरत राहण्यात अर्थ नसतो, इतकी साधी ही पायरी आहे. तरीही तीच सर्वांत जास्त वेळा चुकते. कार्डांवर पुढचा महिना भरेपर्यंत व्याज लागत नाही, अशी समजूत असते. ती सवलत मागचे संपूर्ण बिल चुकते करणाऱ्यालाच असते. मागची थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते, आणि कार्डावरून रोख काढली तर सवलतीचा प्रश्नच येत नाही, वर काढण्याचे शुल्क वेगळे. म्हणजे थकबाकी असलेल्या कार्डावर घेतलेला घरातला साबणसुद्धा त्या दिवसापासून व्याज खाऊ लागतो.

कार्डे कापून टाकावीत की नाही यावर मी फार वाद घालणार नाही. ती पाकिटातून आणि फोनमध्ये साठवलेल्या खरेदीच्या खात्यांमधून निघाली पाहिजेत, एवढे पुरे. पैसे कसे देतो याचा खर्चावर परिणाम होतो, हे केवळ आजीचे मत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. काहींना रोखीने आणि काहींना क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे होते, आणि कार्डवाल्यांच्या बोली कितीतरी चढ्या, काही बाबतींत दुपटीपर्यंत गेल्या. फेडीच्या काळात बदलते खर्च शक्य तितके रोखीने करावेत असे मी सांगतो, ते याच कारणाने.

खर्चाची वही : एक महिना नुसते लिहिणे

पहिल्या महिन्यात काटकसर करायची नाही. हे विचित्र वाटेल, पण काटकसरीच्या उत्साहात लिहिलेला महिना खोटा महिना असतो, आणि त्यावर आखलेली योजना तिसऱ्या महिन्यात कोसळते. नेहमीसारखे जगावे आणि प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहावा, रात्री जेवणानंतर पाच मिनिटे. वही असो, फोनमधले टाचण असो किंवा संगणकावरचा तक्ता असो, फरक पडत नाही. मात्र घरात खर्च करणारी सर्व माणसे एकाच जागी लिहीत असली पाहिजेत.

जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ साली घरगुती जमाखर्चाची वही तयार करून प्रसिद्ध केली. ‘काकेइबो’ या नावाने ती पद्धत आज जगभर ओळखली जाते. तिच्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग म्हणजे नोंद हाताने करणे. खात्यातून आपोआप येणारे संदेश सगळे आकडे दाखवतात, पण आपण ते वाचत नाही. आकडा हाताने लिहिताना मात्र तो एकदा तरी डोक्यातून जातो.

माझ्या वहीतल्या एका आठवड्याच्या पानावर ‘किरकोळ’ असा शब्द सहा वेळा होता. सहाही वेळा रक्कम लहान होती, आणि बेरीज आठवड्याच्या किराण्याच्या निम्म्याहून अधिक भरली. त्या दिवसापासून ‘किरकोळ’ आणि ‘इतर’ हे दोन शब्द मी वहीतून हद्दपार केले. जो खर्च काय होता हे लिहिता येत नाही, त्यापाशीच गळती असते.

महिना संपल्यावर सगळ्या नोंदी चार गटांत विभागाव्यात. पहिला गट ठरलेल्या खर्चांचा : भाडे, वीज, पाणी, प्रवास, फोन. दुसरा बदलत्या खर्चांचा : किराणा, औषधे, बाहेरचे खाणे, करमणूक. तिसरा कर्जाच्या हप्त्यांचा. चौथा गट मात्र त्या महिन्याच्या वहीत सापडणार नाही. तो मागच्या वर्षभराच्या खातेउताऱ्यांतून शोधून काढावा लागतो, आणि तोच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

वर्षातून कधीतरी येणारे खर्च

बारा महिन्यांचे खातेउतारे समोर ठेवून, दर महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च वेगळा उतरवून घ्यावा. एका घराचा हिशेब असा निघाला असे धरू : विमा १८,०००, शाळेची फी ३६,०००, वाहनाची देखभाल १२,०००, कपडे आणि भेटवस्तू १०,०००, दवाखाना व घरातली दुरुस्ती ८,०००. एकूण ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,०००. या घराला वाटत होते की दर महिन्याला साडेसहा हजार शिल्लक पडतात आणि तरीही कर्ज का वाढते हे समजत नाही. प्रत्यक्षात ते दर महिन्याला पाचशेने तुटीत होते आणि ती तूट वर्षातून पाच वेळा कार्डावर जाऊन बसत होती.

आता नवख्या माणसाला कोठे ठेच लागते ते सांगतो. ८४,००० ला बाराने भागून महिन्याला ७,००० बाजूला काढायला सुरुवात केली आणि चौथ्या महिन्यात ३६,००० ची फी आली, तर जमलेले असतात फक्त २८,०००. योजना पहिल्याच वळणावर फसते आणि माणूस पुन्हा कार्डाकडे वळतो. म्हणून पहिल्या वर्षी बाराने भागायचे नाही. प्रत्येक खर्चाला जितके महिने उरले आहेत तितक्यांनी भागायचे. फी चार महिन्यांवर असेल तर तिच्यासाठी महिन्याला ९,००० लागतील, ३,००० नव्हे. एकदा ती भरली की पुढच्या वर्षासाठी तोच भार महिन्याला ३,००० वर येतो. याचा अर्थ पहिल्या काही महिन्यांत कर्जाकडे जादा रक्कम फारशी जाणार नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि त्या खात्याचे कार्ड पाकिटात नसावे.

तारखांचा मेळ

महिन्याची बेरीज-वजाबाकी जुळते आणि तरीही दंड बसतो, असे घडते तेव्हा दोष तारखांचा असतो. पगार एक तारखेला आणि मोठे हप्ते अठ्ठावीसला असतील, तर मधले सत्तावीस दिवस ते पैसे खात्यात ‘आपले’ म्हणून दिसत राहतात. शक्य असेल तेथे हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी येईल अशी बदलून मागावी; अनेक ठिकाणी एका अर्जावर हे काम होते. ज्याचे उत्पन्न दरमहा सारखे नसते, त्याने मागच्या बारा महिन्यांतला सर्वांत कमी कमाईचा महिना पाया धरावा आणि त्यावरची कमाई ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात आधी वार्षिक खर्चांच्या खात्यात आणि मग कर्जात टाकावी. सरासरीवर योजना आखणारा माणूस वर्षातले जवळपास निम्मे महिने तुटीत असतो.

किती उरते आणि कोठून वाढवावे

उत्पन्नातून ठरलेले खर्च, बदलते खर्च, वार्षिक खर्चांचा महिन्याचा वाटा आणि सर्व कर्जांचे किमान हप्ते वजा केल्यावर जे उरते, तेच तुमचे फेडीचे हत्यार. ते शून्याखाली असेल तर पुढचे तीन भाग सोडून ‘हप्ता झेपत नसेल तर’ या भागाकडे जावे.

खर्च कमी करताना बहुतेक लोक चहा आणि बाहेरचे खाणे यांपासून सुरुवात करतात. मला हा क्रम उलटा वाटतो. रोजच्या लहान खर्चांवर दररोज स्वतःशी भांडावे लागते, आणि त्या भांडणात माणूस महिनाभरात थकतो. ठरलेल्या खर्चांवर एकदाच निर्णय घ्यावा लागतो. न वापरलेली वर्गणी बंद केली, फोनची स्वस्त योजना घेतली, तीच जोखीम झाकणारा कमी हप्त्याचा विमा निवडला, किंवा जमल्यास कमी भाड्याची जागा पाहिली, की फायदा दर महिन्याला आपोआप मिळत राहतो. बदलत्या खर्चांसाठी आठवड्याची रक्कम ठरवून ती रोख पाकिटात ठेवावी. महिन्याची रक्कम एकदम हाती ठेवू नये, कारण पहिल्या दहा दिवसांत माणूस श्रीमंत असतो. आठवडा चुकला तर सात दिवसांत नवी सुरुवात होते. महिना चुकला की तो गेला.

घरातल्यांशी हे बोलणे टाळता येत नाही. कर्जाचा आकडा जोडीदारापासून लपवून आखलेली योजना मी एकदाही टिकलेली पाहिलेली नाही. प्रत्येकाच्या हातखर्चासाठी थोडी का होईना, पण कोणी जाब विचारणार नाही अशी रक्कम ठेवावी; तिच्यामुळे बाकीच्या वहीत लपवाछपवी होत नाही.

बचत खात्यात अगदी कमी व्याजावर पैसे पडून आहेत आणि कार्डावर छत्तीस टक्क्यांची थकबाकी आहे, असे दृश्य फार घरांत दिसते. बचत मोडताना जीव खालीवर होतो, हे खरे. तरीही साधारण एका महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवून उरलेली बचत सर्वांत महाग कर्जात टाकणे, हाच हिशेबाने योग्य निर्णय आहे. ती एका महिन्याची रक्कम मात्र मोडू नये. अचानक दवाखान्यात जावे लागले तर कार्डाच्या आधी तीच पुढे येते.

कोणते कर्ज आधी

सर्वांत आधी ती देणी, जी चुकली तर डोक्यावरचे छप्पर, वीज-पाणी, कमाईचे साधन किंवा कायद्याचे संरक्षण जाईल. घराचे भाडे किंवा घरकर्जाचा हप्ता, कर, ज्या वाहनावर पोट चालते त्याचे कर्ज हे या रांगेत येतात, मग त्यांचा व्याजदर कमी असला तरी. सर्वांत मोठ्याने फोनवर ओरडणारा वसुलीवाला या रांगेत पहिला असेलच असे नाही.

त्यानंतर सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरत राहायचे आणि उरलेली जादा रक्कम एकाच कर्जात टाकायची. ती सगळ्यांत थोडी थोडी वाटू नये. कोणत्या कर्जात टाकायची यावर दोन मते आहेत. व्याजदर सर्वांत जास्त ते आधी, हे गणिताने स्वस्त. शिल्लक सर्वांत लहान ते आधी, हे मनाला सोपे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन या संशोधकांनी कर्जफेडीच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २०१२ साली मांडले की, रकमेचा आकडा बाजूला ठेवला तरी, ज्यांची कर्जखाती बंद होत गेली त्यांची सर्व कर्जांतून सुटण्याची शक्यता जास्त होती. माझे मत असे की यादीत एखादे अगदी लहान देणे असेल, जे दोन-तीन महिन्यांत संपेल, तर ते आधी संपवावे. त्याचा सुटलेला हप्ता लगेच पुढच्या कर्जाला जोडता येतो. त्यानंतर मात्र व्याजदराचाच क्रम धरावा. मित्राचे हातउसने बिनव्याजी असते, पण नाते अडकले असेल तर तेही वर घ्यायला हरकत नाही.

कार्डाच्या ‘किमान देय’ रकमेविषयी, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरावीच लागणाऱ्या रकमेविषयी, एक हिशेब येथे पूर्ण मांडतो. थकबाकी ५०,०००, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि किमान देय म्हणजे व्याज धरून झालेल्या रकमेच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज १,५००, रक्कम झाली ५१,५००, किमान देय २,५७५. पुढच्या महिन्यात शिल्लक थोडी घटते, म्हणून किमान देयही घटते, आणि माणसाला वाटते भार हलका होतो आहे. वर्षभर असेच किमान देय भरत राहिल्यास एकूण २७,५०० च्या आसपास भरले जातात आणि शिल्लक उतरते ती फक्त ३८,५०० पर्यंत. सुमारे १६,००० व्याजात जातात. ३० महिन्यांनंतरही २६,००० शिल्लक असतात. आता याच माणसाने घटणाऱ्या किमान रकमेकडे लक्ष न देता, पहिल्या महिन्याचे तेच २,५७५ दर महिन्याला भरत राहायचे ठरवले, तर त्याच ३० महिन्यांत कर्ज पूर्ण फिटते. एक पैसाही वाढवावा लागत नाही, फक्त कमी करायचा नाही. आणि ४,००० भरणे झेपले तर १६ महिन्यांत सुटका होते. बिलावर छापलेली किमान रक्कम देणाऱ्याच्या सोयीची असते. आपली रक्कम आपण ठरवून, तारीख लावून, आपोआप जाईल अशी लावून ठेवावी.

जादा रक्कम भरताना

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका कर्जात मी मोठ्या उत्साहाने जादा रक्कम भरली आणि पावती घेऊन घरी आलो. चार महिन्यांनी खातेउतारा पाहिला तेव्हा कळले की ती रक्कम मुद्दलातून वळती न करता पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून नुसती बाजूला ठेवली होती. व्याज पूर्वीच्याच मुद्दलावर चालू होते. माझी चूक इतकीच की भरताना मी काही लिहून दिले नव्हते. तेव्हापासून जादा रक्कम भरताना ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी’ असे लेखी देतो, आणि पुढच्या महिन्याच्या उताऱ्यावर मुद्दल खरोखर उतरले का ते पाहतो.

मुद्दल उतरल्यावर देणारा दुसरा प्रश्न विचारतो : हप्ता कमी करू की मुदत? हप्ता कमी केला की लगेच बरे वाटते. पण आकडे पाहा. पाच लाखांचे, घटत्या शिल्लकीवर १२ टक्क्यांचे, पाच वर्षांचे कर्ज आहे, हप्ता ११,१२२. एक वर्ष झाल्यावर ५०,००० जादा भरले. हप्ता तोच ठेवून मुदत घटवली तर सुमारे सात महिने वाचतात आणि व्याजात जवळपास २८,००० ची बचत होते. मुदत तीच ठेवून हप्ता घटवला तर हप्ता ९,८०५ वर येतो, आणि व्याजातली बचत सुमारे १३,००० उरते. हप्त्याने दम लागलेला असेल तर दुसरा पर्याय घ्यावा, नाहीतर पहिला. मुदतपूर्व फेडीचे शुल्क असल्यास ते आधी या बचतीतून वजा करून पाहावे.

सगळी कर्जे एकत्र करणे

अनेक महाग कर्जांऐवजी कमी दराचे एकच कर्ज घेण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो अर्धाच बरोबर असतो. दोन लाख शिल्लक आहेत, दर १६ टक्के, मुदत २४ महिने. हप्ता ९,७९३ आणि उरलेले व्याज सुमारे ३५,०००. आता कोणी सांगतो, १२ टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज घ्या, हप्ता ४,४४९ वर येईल. येतोही. पण पाच वर्षांत व्याज जाते सुमारे ६७,०००. दर घटला, व्याज जवळजवळ दुप्पट झाले. याच १२ टक्क्यांच्या कर्जात जुनाच ९,७९३ चा हप्ता भरत राहिलो, तर ते २३ महिन्यांत संपते आणि व्याज २५,००० च्या आत राहते. म्हणजे फायदा दरात आहे, लांब मुदतीत नाही. प्रक्रिया शुल्क आणि जुनी कर्जे मिटवण्याचे शुल्क जोडूनही व्याज कमी पडत असेल, हप्ता जुनाच ठेवण्याची तयारी असेल आणि रिकामी झालेली कार्डे बंद करण्याचा निश्चय असेल, तरच हा मार्ग घ्यावा. विनातारण कर्ज मिटवण्यासाठी राहते घर तारण ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. कार्ड थकले तर वसुलीचे फोन येतात, घर तारण असताना थकले तर घर जाऊ शकते.

हप्ता झेपत नसेल तर

हप्ता चुकण्याच्या आधी देणाऱ्याशी बोलावे, चुकल्यानंतर नव्हे. बोलायला जाताना यादी आणि खर्चाची वही सोबत न्यावी, आणि ‘काहीतरी करा’ असे न म्हणता ठोस मागणी करावी : पुढचे सहा महिने इतका हप्ता भरू शकतो, मुदत इतकी वाढवून द्या, किंवा दंडाची रक्कम माफ करा. वहीतले आकडे दाखवणाऱ्या माणसाशी समोरचा वेगळ्या सुरात बोलतो. जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि ते हाती येईपर्यंत ठरल्याप्रमाणे पैसे भरू नयेत. जुना हप्ताच जमेल तितका भरत राहावा. आणि जेवढे झेपते त्याहून जास्त कबूल करू नये, कारण मोडलेल्या दुसऱ्या शब्दानंतर तिसरी संधी क्वचित मिळते.

कमी रकमेवर तडजोड करून खाते मिटवता येते, पण पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) अशा खात्याची नोंद पूर्ण फेडलेल्या खात्यासारखी होत नाही आणि पुढे कर्ज मिळताना ती आड येते. जामीनदार असेल तर त्याला आपणच आधी सांगावे. त्याला ते वसुलीच्या नोटिशीतून कळू नये. आणि कर्ज मंजूर करण्याआधीच ‘शुल्क’ मागणारा, पिन किंवा पासवर्ड विचारणारा, किंवा फोनमधली संपर्कयादी उघडायला लावणारा कोणीही असो, तेथून उठून निघून यावे. अडचणीतल्या माणसाच्या शोधात असे लोक नेहमीच असतात.

शेवटच्या हप्त्यानंतर

शेवटचा हप्ता भरला म्हणजे खाते बंद झाले असे नसते. आधी अखेरची देय रक्कम लेखी मागवावी, कारण काही दिवसांचे व्याज किंवा जुना दंड शिल्लक असू शकतो आणि तेवढ्या क्षुल्लक रकमेवर पुढे महिनोन्‌महिने आकार चढत राहतो. रक्कम भरल्यावर काहीही येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे यादीशी ताडून परत घ्यावीत, आणि बँकेला दिलेला हप्ता कापण्याचा आदेश स्वतः रद्द करावा. दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल मागवून ते खाते ‘बंद’ दिसते का ते पाहावे. नसेल तर दाखल्याची प्रत जोडून दुरुस्ती मागावी. सुटलेला हप्ता त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेने, यादीतल्या पुढच्या कर्जाकडे वळवावा, आणि यादी संपली असेल तर वार्षिक खर्चांच्या त्या वेगळ्या खात्याकडे. तेथे वर्षभराची रक्कम आगाऊ जमेपर्यंत त्या पैशाला दुसरे काम देऊ नये.